अवसर

आमच्या हुबळी-धारवाड भागात रस्त्याच्या कडेला कन्नडमधली एक पाटी हमखास दिसते. तिचा अर्थ असा, की घाई हेच अपघाताचे कारण. घाईला कन्नडात ‘अवसर’ म्हणतात. लग्न होऊन सांगलीहून इथे आले तेव्हा मला या शब्दाची गंमत वाटायची. आपल्या मराठीत अवसर म्हणजे संधी, आणि इथे अवसर म्हणजे गडबड! तीस वर्षांनी त्या शब्दाने मला चांगलाच धडा दिला.

झाले असे. माझा नातू दुसरीत आहे. शाळेची पिवळी बस त्याला दुपारी साडेतीनला कोपऱ्यावर सोडते. त्या दिवशी पावणेचार झाले, चार झाले, बसचा पत्ता नाही. आम्ही चार-पाच बायका उन्हात उभ्या. प्रत्येकीच्या डोळ्यांसमोर नको ते येऊ लागले. 15 जानेवारी 2021 ला, ऐन संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, धारवाडजवळ इटिगट्टीच्या बायपासवर दावणगेरेच्या मैत्रिणींची गाडी टिपरवर आदळली होती. गोव्याला निघालेल्या दहाहून अधिक जणी गेल्या. तेव्हापासून गाडीला उशीर झाला की माझ्या पोटात गोळा येतो.

मी ड्रायव्हरला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. सात वेळा लावला. शेवटी साडेचारला दुसऱ्याच बसमधून मुले आली. मागच्या सीटवर ड्रायव्हर बसलेला, शर्टाला काळे डाग. मी नातवाला उतरवून घेतले आणि सुरू झाले, “अहो, फोन तरी उचलायचा! इथे जीव टांगणीला लागला होता आमचा.”

तो शांतपणे म्हणाला, “अक्का, मुलं मोजत होतो.”

पुढचे सगळे मी बसमधल्या मावशींकडून ऐकले. उणकलजवळ इंजिनाकडून धूर येऊ लागला. त्याने गाडी डाव्या कडेला घेतली, इंजिन बंद केले, हँडब्रेक ओढला. धूर पुढून येत होता, म्हणून मागचे संकटकालीन दार उघडले. आधी मोठी मुले उतरवली, म्हणजे ती खाली उभी राहून लहानांना हात देतील. दप्तरे, डबे आतच राहू दिले. मग सगळ्यांना धुरापासून आणि रहदारीपासून लांब, एका बंद दुकानाच्या पायऱ्यांवर बसवले आणि मोजले. सव्वीस हवे होते, पंचवीसच भरले. खिशात माझा फोन वाजत होता. पहिल्यांदा मोजताना त्या आवाजाने आकडा चुकला असेल, असे वाटून त्याने पुन्हा मोजले. पंचवीसच. मग तोंडाला रुमाल बांधून तो परत आत गेला. एक लहानगी दोन सीटांच्या मधे दप्तरावर डोके ठेवून झोपली होती.

आग लागली नाही. वायर जळाली होती, एवढेच. पण मला त्या रात्री झोप आली नाही. माझ्या फोनने त्याचा आकडा खरेच चुकला असता, आणि पंचविसाचे सव्वीस मोजून तो निर्धास्त झाला असता, तर? मी एकाला शोधत होते, तो सव्विसांना मोजत होता. माझ्या काळजीला आपण माया म्हणतो. पण ती दुसऱ्याच्या लेकरावर उठू शकते, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळले.

आता प्रश्न असा, की काहीच झाले नाही तर त्याने केलेल्याला मोल किती? एरवी आपण परिणामावरून माणूस तोलतो. सुसाट गाडी हाणणारा वेळेवर पोहोचवतो, तो ‘हुशार’. पाच मिनिटे उशीर करणारा ‘मठ्ठ’. आपल्याकडचा विचार मात्र वेगळा आहे. उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या मुळाशी प्रमाद ठेवला, म्हणजे बेसावधपणा. मुनी चालताना चार हात पुढची जमीन पाहून पाऊल टाकतात, तीच ईर्यासमिती. पायाखाली जीव आला की नाही, याआधी पाहिले होते की नाही हा प्रश्न येतो. या हिशेबाने सुसाट हाणणारा सुखरूप पोहोचला तरी दोषीच. आणि आमचा ड्रायव्हर आग न लागताही मोठाच.

पण एक गोष्ट मनाला पटत नाही, तीही लिहिते. पुरती सावधगिरी घेऊनही एखादे लेकरू गेले, तर ‘त्याचा प्रमाद नव्हता’ हे वाक्य त्या आईच्या काय कामाचे? काही कामाचे नाही. तत्त्व दोष कुणाचा ते सांगते, दुःख हलके करीत नाही. म्हणून तर सावधगिरी आधीच हवी.

ती ऐनवेळी सुचत नाही. धूर असेल तर मुले उतरवायची, पण गाडी नुसतीच बंद पडली असेल तर भर रहदारीत उतरवण्यापेक्षा आत बसवलेली बरी. विजेची तार गाडीवर पडली तर कोणीही खाली पाय ठेवायचा नाही. ब्रेक लागेना तर गिअर एकेक उतरवत वेग मोडायचा, पण चालत्या गाडीचे इंजिन बंद करायचे नाही, स्टिअरिंग जड होते. हे निवडायला डोके थंड लागते, आणि हात सवयीचे लागतात. तामिळनाडूत वेल्लकोविलला जुलै 2024 मध्ये शाळेची व्हॅन चालवताना सेमलयप्पन नावाच्या चालकाच्या छातीत कळ आली. त्यांनी आधी व्हॅन कडेला लावली, मग स्टिअरिंगवर कोसळले. ते गेले, आतली वीसेक मुले घरी गेली. तेवढ्या क्षणात कोण विचार करणार? रोज हजारदा कडेला लावणारे हातच तेव्हा कामाला आले असणार.

सर्वोच्च न्यायालयाने 1997 साली शाळेच्या बसला ताशी 40 किलोमीटरची मर्यादा घातली, अनुभवी चालक आणि सोबत मदतनीस हवा असे सांगितले. आपण मात्र बसची फी किती आणि एसी आहे का, एवढेच विचारतो. मावशींना हँडब्रेक कुठे असतो ते माहीत आहे का, हे किती जणींनी विचारले? जानेवारी 2022 मध्ये पुण्याजवळ वाघोलीच्या बायका मोराची चिंचोली पाहून परतत होत्या. वाटेत चालकाला झटका आला. बस कधीच न चालवलेल्या एका गृहिणीने, कार येते एवढ्या बळावर, स्टिअरिंग हाती घेतले आणि चालकाला दवाखान्यात पोहोचवले. आपण सगळ्यांनी बस चालवावी असे नाही, निदान ती थांबवावी कशी, एवढे तरी शिकावे.

दुसऱ्या दिवशी मी डब्यात चार लाडू घेऊन कोपऱ्यावर गेले. माफी मागायची होती. बस आली आणि माझ्या तोंडून सवयीने निघाले, “लवकर चढ रे, उशीर होतोय!”

तो हसून म्हणाला, “अक्का, अवसर माडबेडरी.” घाई करू नका.

नातू चढला. तो खाली बसेपर्यंत गाडी हलली नाही. मी लाडू खिडकीतून दिले. माफी मागायची तेवढी राहून गेली. हल्ली बसला उशीर झाला की मी फोन पर्समध्ये ठेवते आणि मनातल्या मनात सव्वीसपर्यंत मोजते.