अतिरेकाचे औचित्य : तेउवो तुलिओच्या चित्रपटांतील दुःख आणि न्याय

कलाकृतीतील भावातिरेक हा अभिरुचीचा दोष मानावा की नीतीचा, याविषयी समीक्षेत पुरेशी स्पष्टता आढळत नाही. 'भडक', 'भावविवश', 'अतिनाट्यपूर्ण' ही विशेषणे वरवर पाहता रूपाविषयीची आहेत. परंतु ती ज्या सुरात उच्चारली जातात त्यात नैतिक नापसंती मिसळलेली असते. या नापसंतीमागे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की अतिनाट्यात भावनेचे प्रमाण तिच्या कारणाशी जुळत नाही. म्हणजे ते जीवनाविषयी खोटे बोलते. दुसरा असा, की अतिनाट्य प्रेक्षकाला दुसऱ्याच्या दुःखाची जाणीव देण्याऐवजी स्वतःच्या द्रवण्याचे सुख देते. म्हणजे करुणेच्या नावाने ते आत्मतुष्टीच पुरवते. पहिला आक्षेप सत्याविषयीचा, तर दुसरा करुणेविषयीचा आहे. हे दोन्ही आक्षेप पारखून पाहण्यासाठी फिनलंडचा दिग्दर्शक तेउवो तुलिओ (१९१२–२०००) याच्या चित्रपटांइतकी उपयुक्त सामग्री क्वचितच सापडेल. कारण अतिरेक हा त्याच्या शैलीतील अपघात नसून तिचे तत्त्व आहे.

तुलिओचा जन्म सेंट पीटर्सबर्ग येथे झाला. त्याचे मूळ आडनाव तुगाई. बालपणीच तो फिनलंडमध्ये आला. मूकपटांचे युग संपत असताना, १९२९ साली, व्हालेंतिन व्हाला या मित्राच्या दिग्दर्शनाखाली तो प्रथम नायक म्हणून पडद्यावर दिसला. १९३६ पासून तो स्वतः दिग्दर्शन करू लागला आणि पुढे आपल्या चित्रपटांचा निर्माताही झाला. त्याचे पहिले तीन चित्रपट १९५९ सालच्या आगीत नष्ट झाले. १९३९ साली नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या सिल्लानपॅच्या कादंबरीवर त्याने १९३७ मध्ये केलेला चित्रपटही त्यांतच गेला. त्यामुळे आज उपलब्ध असलेले त्याचे कर्तृत्व 'लालभडक फुलाचे गाणे' (१९३८) या चित्रपटापासून सुरू होते. लिन्नानकोस्कीच्या १९०५ मधील ज्या कादंबरीवर तो आधारलेला आहे, तिच्यावर मॉरिट्झ स्टिलरने स्वीडनमध्ये १९१९ सालीच मूकपट केला होता. नदीतून लाकडाचे ओंडके वाहून नेणारा एक देखणा तरुण गावोगावच्या मुलींना प्रेमात पाडतो, सोडून देतो आणि पुढे शहरातील वेश्यागृहात त्यांच्यापैकीच एक त्याच्यासमोर उभी राहते, ही त्याची कथा. तुलिओच्या पुढील सर्व कारकिर्दीचे बीज या एका भेटीत आहे, असे म्हणता येईल. या चित्रपटात कथा फसवणाऱ्याची होती. नंतरच्या चित्रपटांत ती फसवल्या गेलेल्या स्त्रीची झाली.

'तुला मी जशी हवी होते तशी' (१९४४) आणि 'प्रेमाचा क्रूस' (१९४६) हे या वळणाचे प्रातिनिधिक चित्रपट होत. एकात समुद्रबेटांवरची मुलगी, दुसऱ्यात दीपगृहाच्या रखवालदाराची मुलगी. दोघी शहरात येतात, दोघी पुरुषाच्या शब्दावर विश्वास ठेवतात आणि दोघींचा प्रवास वेश्याव्यवसायापर्यंत जातो. कथानकात नवे असे काहीच नाही. नवे आहे ते कथनाचे तापमान. आकाशात धावणारे ढग, खडकांवर आदळणाऱ्या लाटा, डोलणारी शेते यांच्या प्रतिमा पात्रांच्या मनःस्थितीशी थेट जोडल्या जातात. चेहरे अगदी जवळून, कठोर प्रकाशात टिपले जातात. संगीत क्षणभरही उसंत घेत नाही. अभिनय नेहमी शिखरावरच असतो. वास्तववादी चित्रपट जिथे एक सूचक दृष्टिक्षेप पुरेसा मानील, तिथे तुलिओ वादळ आणतो.

या वादळाचा अर्थ कळण्यासाठी 'प्रेमाचा क्रूस'ची मूळ कथा पाहणे उद्बोधक ठरते. हा चित्रपट पुश्किनच्या १८३१ साली प्रसिद्ध झालेल्या एका कथेवरून घेतलेला आहे. टपालचौकीचा गरीब प्रमुख साम्सोन विरिन याची मुलगी दून्या हिला मिन्स्की नावाचा घोडदळातील अधिकारी राजधानीत घेऊन जातो. विरिनच्या भिंतीवर बायबलमधील उधळ्या पुत्राच्या कथेची चित्रे टांगलेली आहेत आणि आपल्या मुलीची कथाही त्याच साच्यातून जाणार, असे त्याने गृहीत धरले आहे. पण तसे घडत नाही. बाप दारूच्या आहारी जाऊन मरतो. मुलगी मात्र पुढे घोडागाडीतून, तीन मुलांसह, त्याच्या थडग्याशी येते आणि तिथे पडून राहते. तयार साच्यात जीवन बसत नाही, हे पुश्किनने अतिशय संयमाने दाखवले आहे. वाङ्मयीन गुणवत्तेच्या दृष्टीने पाहता तुलिओने केलेला बदल अधोगतीच म्हणावा लागेल, कारण पुश्किनने जो साचा मोडला तोच त्याने पुन्हा जोडला. १९४० साली याच कथेवर निघालेल्या जर्मन चित्रपटानेही तेच केले होते.

तथापि प्रश्न इथे संपत नाही. राजधानीत अशा फसलेल्या मुली पुष्कळ आहेत आणि आज रेशमात वावरणारी उद्या रस्त्यावर येते, ही विरिनची भीती पुश्किनच्या कथेतही निराधार ठरवलेली नाही. ती केवळ दून्यापुरती खोटी ठरते. दून्या भाग्यवान निघाली म्हणूनच कथेला आपला उपरोध परवडतो. ज्या निघाल्या नाहीत त्यांच्याविषयी कथा मौन पाळते. तुलिओचा चित्रपट या मौनात शिरतो. पुश्किनने एका अपवादाचे सत्य सांगितले, तुलिओने नियमाचे सांगितले. आणि नियमाचे सत्य सांगताना कथा 'ठरावीक' होणे अटळच असते. ज्या समाजात अन्यायच ठरावीक असतो, तिथे कथेच्या ठरावीकपणाबद्दल कथेलाच दोषी धरणे कितपत न्याय्य आहे, हा विचार समीक्षेने करावयास हवा.

येथे भारतीय साहित्यशास्त्रातील औचित्याची संकल्पना साहाय्यक ठरू शकते. रसभंगाचे कारण अनौचित्य हेच होय, ही आनंदवर्धनाची भूमिका प्रसिद्ध आहे. परंतु या औचित्याचा एक महत्त्वाचा भाग पात्राच्या 'प्रकृती'शी, म्हणजे त्याच्या उत्तम, मध्यम किंवा अधम असण्याशी निगडित आहे. कोणत्या पात्राने कोणता भाव किती प्रमाणात प्रकट करावा, हे त्याच्या स्थानावरून ठरते. भावनेचे प्रमाण हे अशा रीतीने निव्वळ सौंदर्यविषयक माप राहत नाही. त्याच्या आत एक समाजव्यवस्था दडलेली असते. राजाचा शोक लोकांचा शोक होऊ शकतो. टाकलेल्या मोलकरणीचा शोक मात्र त्याच तीव्रतेने मांडला की 'भडक' वाटतो. पीटर ब्रूक्सने १९७६ मधील आपल्या ग्रंथात अतिनाट्याचा संबंध पवित्राचा आधार गमावलेल्या आधुनिक जगाशी जोडला आहे. धर्म आणि राजसत्ता यांनी दिलेली मूल्यांची हमी संपल्यावर चांगले आणि वाईट यांना दृश्य करण्याची जबाबदारी अतिनाट्याने उचलली, असे त्याचे प्रतिपादन आहे. तुलिओच्या नायिकांबाबत याला एक पुस्ती जोडता येईल. ज्यांच्या दुःखाला समाजाने कोणतेही उचित प्रमाण नेमून दिलेले नाही, त्यांचे दुःख प्रमाणाबाहेर गेल्याशिवाय दिसूच शकत नाही. सत्याविषयीचा पहिला आक्षेप येथे बव्हंशी निष्प्रभ होतो. कारण प्रमाण कोणाचे, हेच त्याने विचारलेले नसते.

करुणेविषयीचा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. 'प्रेमाचा क्रूस'मध्ये एक चित्रकार नायिकेला क्रुसावरील स्त्रीच्या रूपात उभी करून तिचे चित्र रंगवतो. या प्रसंगात तुलिओच्या कलेतील द्वंद्व उघडे पडते. चित्रकाराला तिच्या यातनेत पावित्र्य दिसते. पण त्यासाठी तिला बांधलेल्या अवस्थेत, पाहण्याजोगी वस्तू म्हणून, उभे राहावे लागते. फसवणाऱ्या पुरुषाने तिचे सौंदर्य वापरले, चित्रकार तिचे दुःख वापरतो आणि चित्रपट या दोघांच्याही नजरा प्रेक्षकाला उपलब्ध करून देतो. पुरुषावर आरोप ठेवणारा कॅमेरा त्याच पुरुषाच्या जागी उभा राहून पाहत असेल, तर आरोपाची किंमत काय राहते? हा प्रश्न टाळून केलेले तुलिओचे समर्थन अपुरेच राहील.

त्याचे उत्तर तुलिओच्या एकट्याच्या कर्तृत्वात सापडत नाही. ते शोधताना रेगिना लिन्नानहेइमो (१९१५–१९९५) हिच्याकडे वळावे लागते. चाळीसच्या आणि पन्नासच्या दशकांतील त्याच्या प्रमुख चित्रपटांची ती नायिका होती, आणि पटकथालेखनातही तिचा वाटा होता. 'अस्वस्थ रक्त' (१९४६) या चित्रपटातील कल्पना या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. दृष्टी गमावलेल्या नायिकेला पुन्हा दिसू लागते. पण ती हे लपवून ठेवते आणि आंधळेपणाचे सोंग करून नवरा आणि बहीण यांचे वर्तन न्याहाळत राहते. जी केवळ पाहिली जात होती ती आता पाहते आहे, आणि इतरांना ते ठाऊक नाही. काळ्या चष्म्याआड लपलेले तिचे डोळे, ओठांची थरथर, हालचालींतील ताठरपणा हा सगळा अतिरेकी अभिनय येथे प्रेक्षकाच्या सुखासाठी मांडलेला राहत नाही. तो त्याला अस्वस्थ करतो. ही स्त्री सोशिक नाही, निर्मळही नाही. ती द्वेष करते, छळते, चुकते. 'तू माझ्या रक्तात भिनलास' (१९५६) या चित्रपटातील तिची मद्याच्या आहारी गेलेली नायिकाही अशीच सहज दयेला जागा देत नाही. करुणेसाठी पात्र निष्पाप असलेच पाहिजे, ही अतिनाट्याची रूढ अट लिन्नानहेइमोच्या भूमिका मोडतात. यातना भोगणारी व्यक्तीच जेव्हा अतिरेकाची स्वामिनी होते, तेव्हा प्रेक्षकाला स्वतःच्या द्रवण्यात रमता येत नाही. त्याच्याकडे कोणीतरी उलट पाहत असते.

तुलिओवर घेतला जाणारा आणखी एक आक्षेप पुनरावृत्तीचा आहे. त्याने निसर्गाची तीच दृश्ये अनेक चित्रपटांतून पुन्हा वापरली, काही चित्रपट फिनिशबरोबर स्वीडिश भाषेतही चित्रित केले आणि आपल्याच कथा पुन्हा सांगितल्या; 'मत्सर' (१९५३) हा त्याच्या १९४७ मधील चित्रपटाचाच नवा अवतार होय. यात काटकसर होती आणि व्यवहारही होता, हे नाकारण्याचे कारण नाही. पण पुनरावृत्तीला नैतिक अर्थही असू शकतो. साक्षीदार तीच गोष्ट पुन्हा सांगतो, कारण ती ऐकली गेलेली नाही. विक्रेताही तीच गोष्ट पुन्हा सांगतो, कारण ती खपते. बाहेरून पाहता दोघांचे शब्द सारखेच असतात. फरक एवढाच, की साक्षीच्या कथनात भोगणाऱ्याचा आवाज शिल्लक असतो.

हा फरक 'सेन्सुएला' (१९७३) या अखेरच्या चित्रपटात प्रकर्षाने जाणवतो. 'प्रेमाचा क्रूस'चीच कथा येथे रंगीत रूपात लॅपलंडमध्ये नेली आहे. नायिका सामी जमातीची मुलगी आहे आणि तिला फसवणारा युद्धकाळात विमान कोसळून तिथे आलेला जर्मन वैमानिक. १९५६ नंतर लिन्नानहेइमो पडद्यावरून दूर झाली होती. या चित्रपटात सामी जीवन वेशभूषेपुरते आणि रेनडिअरच्या कळपांपुरते उरते, नायिकेचे शरीर समोर येते, पण तिची नजर येत नाही. कथा तीच, वादळ तेच, तरीही साक्ष नाहीशी झालेली आहे. औचित्य मोडण्याचा जो अधिकार पूर्वी दुःखितेने कमावला होता, तो येथे दिग्दर्शक तिच्या वतीने वापरतो, आणि म्हणून तो अधिकार राहत नाही. दुसरा आक्षेप अतिनाट्य या प्रकारालाच सरसकट लागू होत नाही, पण 'सेन्सुएला'ला तो पूर्णपणे लागू होतो.

हा चित्रपट अपयशी ठरला आणि त्यानंतर तुलिओने एकही चित्रपट केला नाही. पुढे अकी कौरिस्माकीसारख्या दिग्दर्शकाने त्याचे ऋण मोकळेपणाने मान्य केले. कौरिस्माकीची पात्रे जवळजवळ अबोल असतात. तरी 'युहा' (१९९९) या त्याच्या मूकपटातील ग्रामीण स्त्रीची शहरात होणारी परवड पाहताना तुलिओची आठवण अपरिहार्य होते. टोकाचा संयम आणि टोकाचा अतिरेक यांचे उगम एकाच जागी असू शकतात, हे यावरून दिसते: दोघेही दुःखाचे रूढ, सुखद प्रमाण नाकारतात.

तुलिओचे चित्रपट आज पाहणाऱ्याला मधूनमधून हसू येते. हे हसू सर्वस्वी अभिरुचीचे लक्षण आहे, असे समजण्याचे कारण नाही; कित्येकदा ते दुःखाला त्याची जागा दाखवून देणारे हसू असते. अर्थात केवळ अतिरेक आहे म्हणून कोणतीही कृती करुणेची ठरत नाही. अतिरेकाचे औचित्य त्याच्या प्रमाणावर अवलंबून नसते. तो कोणाच्या मालकीचा आहे यावर अवलंबून असते. ज्या कृतीत आक्रोश करणाऱ्या व्यक्तीला पाहण्याचा, चुकण्याचा आणि क्षमा नाकारण्याचा अधिकार आहे, तिथे तो आक्रोश कितीही मोठा असला तरी उचितच होय. आणि जिथे हा अधिकार नाही, तिथे सर्वांत संयत हुंदकाही अनुचित ठरेल.