परीक्षा कोणाची?
माणसाला मित्राचा दोष फारसा खुपत नाही. त्या दोषाचा बोभाटा झाला की खुपतो. १८४७ मध्ये घरी जुगार खेळवल्याच्या आरोपावरून दिल्लीत मिर्झा गालिब यांना कैद झाली. त्यांची शराब साऱ्या शहराला ठाऊक होती. तेव्हा कोणी मैफल सोडली नव्हती. पण मिर्झा तुरुंगात गेले आणि कालपर्यंत ‘वाहवा’ म्हणणाऱ्यांना, सग्यासोयऱ्यांनाही, एकाएकी आपली शराफत आठवली!

नवाब मुस्तफा खान शेफ्ता मात्र तुरुंगात भेटायला जात राहिले. खर्चाचा भारही त्यांनी उचलला. शेफ्ता हाजी होते, दारू सोडलेले. नाक मुरडण्याचा हक्क असलाच तर तो त्यांना होता. पण त्यांची दोस्ती मिर्झांच्या परहेजगारीशी नव्हतीच, त्यांच्या गुणांशी होती; मग ती जुगारापायी कशी तुटावी?

पुढे १८५७ च्या बंडानंतर शेफ्तांवरच कैदेची पाळी आली. ते सुटल्याचे कळताच म्हातारे गालिब त्यांना भेटायला मेरठला गेले.

दोस्ती करताना आपण समोरच्याचे चारित्र्य पारखतो. त्याच्या पडत्या काळात मात्र पारख होते ती आपलीच.