तुळईवरची मातीची रेघ

वीसेक वर्षांपूर्वी बीडच्या जुन्या भागात आम्ही भाड्यानं राहायचो, ते घर माळवदाचं होतं. एका पावसाळ्यात कोपऱ्यातल्या तुळईवर बोटाएवढी मातीची रेघ उमटली. आईनं काडीनं खरवडली, तर आत पांढरी वाळवी वळवळत होती. घरमालकांना सांगितलं. "बघू दिवाळीनंतर," ते म्हणाले. त्यानंतर दोन दिवाळ्या गेल्या आणि रेघ खांबावर उतरली. आई भाडं वेळेवर द्यायची, पण दुरुस्तीचा विषय निघाला की उसने पैसे मागावेत तसा तिचा आवाज खाली जायचा. तो आवाज मला अजून बोचतो. ती मागत होती ते तिच्या हक्काचं होतं.

माळवदाखाली राहणाऱ्याला दुरुस्ती ही चैनीची गोष्ट वाटत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपानं दगडमातीची जड घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. आमच्या शेजारच्या जिल्ह्यांतलं ते दुःख आहे.

आई मागत होती तो हक्क कायद्यातच आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि मराठवाड्यातला १९५४ चा हैदराबाद घरभाडे कायदा गेला. नव्या कायद्याचं कलम १४ भाडेकरूनं पाठ करावं असं आहे. करारात वेगळं ठरलं नसेल, तर घर राहण्याजोगं ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. लेखी नोटीस दिल्यावर पंधरा दिवसांत त्यानं काही केलं नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. वाड्यातले चार बिऱ्हाडकरू एकत्र येऊनही हे करू शकतात. मर्यादा एकच, वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत. महिना ४,००० रुपये भाडं असेल, तर वर्षाला १२,००० रुपये. गवंड्याची, सुताराची, औषध मारणाऱ्याची पावती मात्र जपून ठेवावी लागते.

कायद्यात ढेकूण-उंदरांचं नाव नाही. पण पोखरलेली तुळई, फुटलेली मोरी, उंदीर येतात ती भिंतीतली भगदाडं ही माझ्या मते सरळ दुरुस्तीच आहे. इमारतच पडायला आली असेल, तर नगरपरिषदेकडे लेखी तक्रार करावी. मालकाला नोटीस काढण्याचा अधिकार तिला आहे. रागाच्या भरात भाडं मात्र अजिबात थांबवू नये. थकबाकी हेच घर खाली करून घेण्याचं मालकाच्या हातातलं सर्वात सोपं कारण असतं.

अंबाजोगाई-परळीत शिकणारी पोरं बहुधा अकरा महिन्यांच्या करारावर किंवा नुसत्या शब्दावर राहतात. अकरा महिन्यांचा करार साधारणपणे लिव्ह अँड लायसन्सचा असतो. त्यात कलम १४ चा आधार गृहीत धरता येत नाही, म्हणून दुरुस्ती कोणी करायची हे त्यातच लिहून घ्यावं. शब्दावर राहणाऱ्याला वाटतं, कागद नाही म्हणजे हक्कही नाही. कलम ५५ नेमकं उलट सांगतं: करार नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे, आणि नोंदलेला करार नसेल तर वेगळं सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं.

पन्नास वर्षांपूर्वीच्या भाड्यावर वाडा सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या मालकाची अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण आजच्या भावानं दहा खोल्यांचं भाडं घेणाऱ्यानं तिच्याआड लपू नये.

ज्यांच्या तुळईवर अशी रेघ उतरली असेल, त्यांनी दिवाळीनंतरची वाट पाहू नये. तारीख घालून, सही करून पत्र लिहा, त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवा आणि ते या आठवड्यातच स्पीड पोस्टानं पाठवा.