पाण्यात उतरणारा तराजू



विहिरीतली भरलेली घागर पाण्यात असेपर्यंत हलकी वाटते आणि पाण्याबाहेर येताच हाताला जड लागते. घागरीचे वजन बदललेले नसते. तिने जेवढे पाणी बाजूला सारले, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका भार पाणी तोलून धरत असते. अल्लाहने सृष्टीला घालून दिलेला हा नियम ग्रीक विद्वान आर्किमिडीजने मांडला. पुढे मुस्लिम विद्वानांनी त्यावर सूक्ष्म तराजू घडवले.

हिजरी ५१५ मध्ये, म्हणजे इ.स. ११२१च्या सुमारास, मर्व येथील अल-खाजिनी यांनी ‘मीजानुल हिकमा’ हा ग्रंथ लिहिला. त्यात वर्णिलेल्या तराजूने वस्तू पाण्यात बुडवूनही तोलता येत असे. १०० ग्रॅम शुद्ध सोने पाण्यात सुमारे ९५ ग्रॅम भरते, तर तेवढीच चांदी सुमारे साडेनव्वद ग्रॅम. त्यामुळे चांदी मिसळलेला दागिना हवेत शुद्ध सोन्याच्या बरोबरीने तोलला गेला, तरी पाण्यात हलका पडतो. तो तोडावा लागत नाही, वितळवावाही लागत नाही.

सूरह रहमानमध्ये आकाशाच्या उंचीबरोबरच मीजानचा उल्लेख येतो आणि तोलात अन्याय न करण्याची ताकीद दिली जाते. ही ताकीद केवळ सराफासाठी आहे, असे समजू नका. आईच्या जनाझ्याच्या नमाजमध्ये सर्व भाऊ एकाच रांगेत उभे असतात. तेथे कोण खरा, कोण खोटा, हे दिसत नाही. काही दिवसांनी तिचे दागिने वाटायला घेतले जातात, आणि प्रत्येकाचा ईमान पाण्यात उतरतो. “बहिणीने आपणहून हक्क सोडला,” असे आपण किती सहज सांगतो! माहेर तुटेल या भीतीने ती गप्प बसली असेल, तर ते मौन म्हणजे राजीखुशी नव्हे. तिचा हिस्सा अल्लाहने कुरआनात ठरवून दिला आहे. तो माफ करून घेण्याचा अधिकार भावाला कोणी दिला?

म्हणून आधी तिचा वाटा तोलून तिच्या हाती द्या. त्यानंतर तिने काही परत दिले, तर ती तिची देणगी. कयामतच्या दिवशी मीजानसमोर उभे राहण्यापूर्वी हा हिशेब घरातच पूर्ण करण्याची सद्बुद्धी अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.