इजाजत

ईदच्या दुसऱ्या दिवसाला आमच्याकडे बासी ईद म्हणतात. पहिला दिवस नमाजचा, गळाभेटींचा, ईदीचा आणि पाहुण्यांचा. त्या दिवशी घरातल्या बायका चुलीपासून हलत नाहीत, म्हणून दुसरा दिवस त्यांचा. भंडारा जिल्ह्यात बासी ईदच्या सकाळी गाड्या निघतात त्या बहुधा पाण्याच्या दिशेने. जिल्हाच तलावांचा. कोणी रावणवाडीला जाते, कोणी चांदपूरच्या तलावावर, कोणी कोक्याच्या जंगलाकडे. तुमसरकडची मंडळी आंबागडचा किल्ला चढतात. देवगडच्या बख्त बुलंद शाहाच्या राजा खान पठाण नावाच्या सरदाराने तो १७०० च्या सुमारास बांधला. त्यामुळे तटावर बसून, आपण या मुलखात कालपरवा आलेलो नाही, हे पोरांना ऐकवणारा एखादा चाचा प्रत्येक सहलीत असतोच. पोरांचे लक्ष मात्र फोटोकडे असते.

या सहलींत कॅमेरा शिरला तेव्हा तो घरचा नव्हता. कोणाकडून तरी मागून आणलेला असे. छत्तीस फोटोंचा रोल, त्यातले दोन-चार हमखास वाया जाणार. म्हणून एका फोटोत जितकी माणसे मावतील तितकी मावायची. बायका ओढणी सारखी करून उभ्या राहत, दादी तोंड फिरवून बसे. घरातल्या एखाद्या बुजुर्गाला काळजी असे ती वेगळीच : रोल धुवायला स्टुडिओत जाणार, म्हणजे आपल्या लेकीसुनांचे चेहरे घरच्यांच्या आधी स्टुडिओवाला पाहणार. त्या काळजीला आम्ही हसत असू. आज सहलीचा फोटो दस्तरखान उचलायच्या आत पन्नास जणांच्या फोनवर पोहोचतो, तेव्हा त्या बुजुर्गाचा प्रश्न तितका हसण्यासारखा वाटत नाही.

फोटो जायज की नाजायज, हा वाद आपल्या समाजात शंभर वर्षांहून अधिक काळ चालला. १९१४ मध्ये इजिप्तचे मुफ्ती झालेले शेख मुहम्मद बखीत यांनी म्हटले की, कॅमेरा काही घडवत नाही, तो फक्त सावली अडवून ठेवतो. त्याला मूर्तिकाराचा नियम लावता येणार नाही. आपल्याकडच्या बहुतेक उलेमांना हे पटले नाही. देवबंदच्या मुफ्ती मुहम्मद शफींनी तर तस्वीरच्या शरई हुकुमांवर पुस्तकच लिहिले. पुढे पासपोर्ट आला, हजच्या अर्जाला फोटो लागला, आणि गरजेपुरती सूट मिळाली. मग मोबाइल आला आणि वाद न सुटताच संपला. गंमत अशी की अंधाऱ्या खोलीतल्या बारीक छिद्रातून प्रकाश आत येऊन बाहेरचे चित्र कसे उमटवतो, याचा नीट अभ्यास करणारा अकराव्या शतकातला इब्न अल-हैसम आपलाच. कॅमेरा हा शब्द अरबीतून आला असे काही उत्साही लोक सांगतात, तो लॅटिनमधला. त्याचा अर्थ खोली. आपल्या घरातला ‘कमरा’ही पोर्तुगीजांच्या हातून त्याच घराण्यातून आलेला.

खोलीचा आणि कॅमेऱ्याचा हा संबंध मला महत्त्वाचा वाटतो. कारण तस्वीरच्या वादात आपण एकच प्रश्न लावून धरला : चित्र करावे की करू नये? दुसऱ्याच्या खोलीत डोकावण्याविषयी आपल्या दीनमध्ये जे स्पष्ट सांगितले आहे, ते आपण कॅमेऱ्याला लावून पाहिलेच नाही. बुखारींच्या संग्रहात एक प्रसंग आहे. पैगंबर (स.) घरात डोके विंचरत असताना एक माणूस दाराच्या फटीतून आत पाहत होता. ते कळल्यावर पैगंबरांनी त्याला कडक शब्दांत समज दिली. सांगण्याचा आशय असा की, दारावर परवानगी मागायची ती नजरेमुळेच. म्हणजे नुसते पाऊल आत टाकणे एवढाच प्रश्न नाही. नजर आधी आत जाते. फटीला लावलेला डोळा आणि भिंगाला लावलेला डोळा यांत मला तरी फार अंतर दिसत नाही.

पण दार ज्या घराला आहे त्याच्याबद्दल हे ठीक. ज्या घराचे दारच काढून नेले आहे, त्याचे काय?

हा प्रश्न आमच्या जिल्ह्यात कल्पनेतला नाही. पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसेखुर्द येथे धरण झाले. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते त्याचे भूमिपूजन झाले, तेव्हा खर्चाचा अंदाज ३७२ कोटींचा होता. पुढे तो अठरा हजार कोटींवर गेला. २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. पाणी एकदम भरले नाही. वर्षावर्षाने पातळी वाढत गेली, आणि भंडारा व नागपूर जिल्ह्यांतली गावे एकेक करून उठली. लोक जाताना दारे, खिडक्या, फाटे, कवेलू, जे निघेल ते काढून घेऊन गेले. नव्या गावठाणात तेच लावायचे होते. मागे भिंती राहिल्या. काही पाण्याखाली गेल्या. काही काठावर आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरले की त्या मोकळ्या होतात, आणि भिंतीवर पाणी कुठपर्यंत चढले होते याची रेघ दिसते.

आता हा जलाशय सहलीची जागा झाला आहे. त्यात गैर काही नाही. पाणी सुंदर दिसतेच. (नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून, पुढे कन्हानमधून याच पाण्यात येते, हे फोटोत दिसत नाही.) शासनाने जलपर्यटनाचा प्रकल्प हाती घेतला आहे. आंभोऱ्याला, जिथे मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ लिहिला असे मानतात, जानेवारी २०२४ मध्ये तारांनी तोललेला मोठा पूल खुला झाला. त्याच्या उंच गॅलरीतून चहूकडे पाणीच पाणी दिसते. सुट्टीच्या दिवशी तिथे गर्दी असते, तशी बासी ईदलाही असते. आणि तिथून परतताना तरुण पोरे काठावरच्या पडक्या गावात थांबतात. बिनदाराच्या चौकटीत उभे राहून, खिडकीच्या भगदाडात बसून फोटो काढतात. ऊन तिरपे असते, भिंतीचा जुना निळा रंग उठून दिसतो.

अशाच एका ठिकाणी आमच्या पोरांना एका म्हाताऱ्याने हटकले. रागावून नाही. तो बकऱ्या घेऊन आला होता. “त्या खोलीत जाऊ नका जी, तिथी चूल होती,” एवढेच म्हणाला. पोरे बाहेर आली, पण गाडीत वाद सुरू झाला. एकाचे म्हणणे बिनतोड होते : मोबदला घेतला, जागा सरकारची झाली, घर रिकामे आहे, मग मनाई करणारा हा कोण? दुसरा म्हणाला, कुरआनमध्येच सूट आहे.

सूट आहे हे खरे. सूरह नूरमध्ये आधी सांगितले आहे की दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय आणि सलाम केल्याशिवाय शिरू नका, आणि परत जा म्हटले तर परत जा. लगेच पुढच्या आयतीत आशय असा येतो की जिथे कोणी राहत नाही आणि जिथे तुमच्या उपयोगाचे काही आहे, तिथे शिरण्यात दोष नाही. तफसीरकारांनी याची उदाहरणे दिली आहेत : वाटसरूंच्या सराया, बाजारातली दुकाने, पडक्या जागा. म्हणजे आमच्या पोराला कायद्यात पकडता येणार नाही. पण त्या उदाहरणांकडे नीट पाहिले तर काय दिसते? सराय सगळ्यांसाठीच बांधलेली असते. दुकान गिऱ्हाइकासाठी उघडे असते. पडकी जागा म्हणजे जिच्याशी आता कोणाचे नाते उरलेले नाही ती. गोसेखुर्दच्या काठावरचे घर यातल्या कशात बसते? त्यात कोणी राहत नाही हे खरे, पण राहणारे ते सोडून गेले नाहीत, त्यांना उठवले गेले. आणि चुलीची जागा दाखवणारा माणूस समोर उभा आहे. माझ्या समजुतीने तो उभा आहे तोवर ते घर वस्तीचेच आहे. आणि तीच आयत संपताना, तुम्ही जे उघड करता आणि जे मनात ठेवता ते अल्लाह जाणतो, याची आठवण करून देते. सूट देतानाच ही आठवण का दिली असावी, याचा विचार प्रत्येकाने करावा.

यावर कोणी हिज्रची गोष्ट काढेल. तबूकच्या मोहिमेवर, हिजरी ९ म्हणजे इ.स. ६३० मध्ये, वाटेत समूद लोकांची उजाड वस्ती लागली. पैगंबरांनी साथीदारांना सांगितले की इथे शिरायचे तर रडतच शिरा. आणि स्वतः डोके झाकून वेगाने पुढे निघून गेले. त्याच हिज्रला २००८ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला आणि २०१९ मध्ये सौदी अरेबियाने पर्यटकांसाठी व्हिसा सुरू केल्यावर जगभरचे लोक तिथे फोटो काढू लागले. पण ही गोष्ट आपल्या गावांना लावताना सांभाळले पाहिजे. समूदवर कोप झाला तो त्यांच्या कर्माने. आमच्या गावांनी काय केले होते? ती खालच्या अंगाला होती, एवढेच. त्यांच्या घरांत शिरताना इबरत घ्यायची असेल तर ती त्यांच्याविषयी नाही; त्या पाण्याचे पीक, वीज आणि नजारा ज्यांच्या वाट्याला आला, त्या आपल्याविषयी.

मग तिथे जाऊच नये का, फोटो काढूच नये का? असे मला वाटत नाही. आमच्याच घरातल्या एका फोटोमुळे हे प्रकरण मला दुसऱ्या बाजूनेही पाहावे लागले.

१९९४ च्या बासी ईदला आमचे कुटुंब वैनगंगेच्या काठी एका गावाजवळ गेले होते. तिथला एक फोटो अल्बममध्ये आहे. फुफी नदीत केस धुऊन आल्या आहेत, केस मोकळे, ओढणी खांद्यावर, आणि कशाला तरी मोठ्याने हसताहेत. मागे कवेलूचे एक घर, दारापुढे कडुनिंब. फुफी २००६ मध्ये गेल्या. गावही उठले. आमच्याकडे वर्षानुवर्षे मासे घेऊन येणारे एक ढीवर गृहस्थ एकदा ओट्यावर बसले असताना पोरांनी तो अल्बम बाहेर आणला होता. त्यांनी तो फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “हे तं आमचंच घर होय जी.” त्यांच्याकडे त्या घराचा एकही फोटो नाही. त्यांनी त्याची एक प्रत मागितली.

देण्यासारखी साधी गोष्ट वाटेल. पण फुफी हयातीत डोक्यावरून ओढणी न घेता दारापर्यंतही गेल्या नव्हत्या. मोठे भाऊ म्हणाले, मयत बाईचा पर्दा ही वारसांकडे अमानत आहे. तो परक्या घरात देता येणार नाही. पुतण्या म्हणाला, त्यात काय, एका मिनिटात फुफींना कापून घर तेवढे देतो. हे सर्वांना सोयीचे होते, तरी मला ते बरे वाटेना. पुतण्याने कापून दाखवले तर अर्धे दार फुफींबरोबर गेले. त्यांना काढल्याशिवाय घर मिळत नव्हते, आणि त्यांना काढले तर घर पुरे राहत नव्हते. शिवाय दुसरी एक गोष्ट होती. भाऊ फुफींची अमानत म्हणत होते ते खरे. पण मागचे घरही इतकी वर्षे आमच्याकडे अमानतच होते. फोटो काढताना ते नुसते मागे होते. आता मूळ घर राहिले नाही, तेव्हा त्याचे जे काही उरले आहे ते आमच्या अल्बमात आहे. दोन अमानती एका कागदावर, आणि मालक वेगवेगळे.

इजाजत कोणी द्यायची हेही ठरत नव्हते. शेवटी माझ्या म्हणण्यावरून फुफींच्या मुलीला, आपांना, नागपूरहून बोलावले. आईवर हक्क भाच्यांपेक्षा लेकीचा जास्त. आपांनी फोटो पाहिला, सगळ्यांचे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, कापायचा नाही. फोनवरही पाठवायचा नाही. कागदावर एकच प्रत काढा, आणि त्या गृहस्थांच्या घरच्या बाईला बोलवा, मी तिच्या हातात देईन.

बाई आल्या. आधी त्यांनी कडुनिंब पाहिला, मग दार. मग विचारले, ह्या कोण? आपा म्हणाल्या, माझी अम्मी. ती परक्या पुरुषांसमोर अशी येत नसे. बाईंनी मान हलवली आणि फोटो पदराखाली घेतला.

तो आता त्यांच्या नव्या गावठाणातल्या घरी लोखंडी पेटीत, साड्यांच्या घडीत असतो. मुलाला तो फ्रेम करून भिंतीवर लावायचा आहे, कारण घर दाखवायला त्याच्याकडे दुसरे काही नाही. आई देत नाही. नागपूरच्या बाईला विचारून ये, म्हणते.