ढालीचा उजवा भाग

नागपुरात सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांत मिळालेल्या एका इंग्रजी ग्रंथाच्या आतल्या पुठ्ठ्यावर मालकाची छापील चिठ्ठी होती. नाव कसरीने खाल्लेले, ढाल मात्र शाबूत. गावी, करडीला, आणून ती भिंगाखाली धरली तेव्हा कळले, काळ्या शाईतही रंग असतात. उभ्या रेघा म्हणजे तांबडा, आडव्या म्हणजे निळा, ठिपके म्हणजे सोनेरी. पेत्रा सांक्ता या जेझुइटाच्या १६३८ च्या ग्रंथाने ही रीत युरोपभर रुजवली.

ढालीवर उभ्या रेघांचा पंजा होता. तांबडा उजवा पंजा ही आयर्लंडमधल्या अल्स्टरच्या ओ'नीलांची खूण. १६११ साली इंग्लंडच्या राजा जेम्सने अल्स्टरमधल्या फौजेच्या खर्चासाठी बॅरोनेट हा किताब विकायला काढला आणि त्या किताबदारांनाही पुढे पंजाच मिळाला, पण डावा. जमीन गमावलेल्या ओ'नीलांची खूण आणि ती बळकावणाऱ्या राजाला पैसा पुरवणाऱ्यांची खूण, यांत फरक फक्त अंगठ्याच्या बाजूचा! माझ्या चिठ्ठीवरचा पंजा उजवा आहे. तेवढ्यावरून घराणे ओ'नीलांचेच ठरत नाही. तिथल्या आणखी घराण्यांनीही तो मिरवला.

मी खिळून राहिलो ते दुसऱ्याच गोष्टीपाशी. ढाल मधोमध उभी दुभागलेली होती. पाहणाऱ्याच्या डावीकडे नवऱ्याच्या घराण्याची खूण, उजवीकडे बायकोच्या माहेरची. ३० जून १९२२ ला आयर्लंडमध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातला दप्तरखाना जळाला; शतकांची मृत्युपत्रे, खानेसुमारीचे कागद राख झाले. अशा देशात वंश शोधणाऱ्याला बोटभर चिठ्ठीवरून एखादी सून कुठली, हे उमगू शकते. माहेरची खूण ढालीवर घेण्यामागे जमिनीचा हिशेबही होता, हे खरे. तरी नोंद झाली.

आम्ही वैनगंगेच्या खोऱ्यातले पोवार. मूळ माळव्यातल्या धारचे, असे घरोघरी सांगतात. बिसेन, पटले, कटरे, रहांगडाले, तुरकर ही आमची आडनावे म्हणजेच कुळे. लहानपणी भाट आला होता. ओसरीवर वंशावळीची पोथी सोडून त्याने आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा असे एका दमात वाचले. आजी दाराआड उभी राहून शेवटपर्यंत ऐकत होती. तिचे नाव आले नाही, तिच्या सासूचेही नाही. भाटाला शिधा मात्र तिनेच आणून दिला.

तरी बायकांची कुळे पुसली गेली नाहीत. एका कुळात सोयरीक होत नाही, म्हणून लग्न जमवताना पहिला प्रश्न कुळाचा. जे आमच्या पोथीच्या पानावर लिहिले गेले नाही, ते दर लग्नात मोठ्याने विचारले गेले. मला ही तोंडी पोथी अधिक खरी वाटते, आणि तिचीच अधिक काळजी वाटते.

परवा वहीत ढाल काढली, मधोमध रेघ मारली आणि आईला विचारले, तुझ्या आईचे कूळ? तिने चटकन सांगितले. आजीचे? तेही. पणजीचे? बोटावर अंगठा टेकवून ती थांबली. मग म्हणाली, मोहाडीच्या मावशीला विचारायला हवे, आणि लवकर.