कडेला बसलेला सुप्रबुद्ध



राजगृहात सुप्रबुद्ध नावाचा एक दरिद्री कुष्ठरोगी होता. दुरून गर्दी दिसली, तेव्हा अन्नदान चालले असेल, चार घास मिळतील, म्हणून तो जवळ आला. पाहतो तो तथागतांचे प्रवचन! तो एका कडेला बसला. ह्या सभेत धम्म समजण्यास समर्थ कोण, हे न्याहाळताना तथागतांची दृष्टी नेमकी त्याच्यावर ठरली. बाबासाहेबांनी आपल्या धम्मग्रंथात सुप्रबुद्धाला जागा दिली आहे.

आपल्या विहारातही असा कोणी कडेला बसतो. वय चौदा-पंधरा. कुष्ठरोग बरा झालेला, पण दोन बोटे वाकलेली. वंदनेला सर्वांचे हात जुळतात, ह्याचा खिशात. माझ्या वर्गातली अशीच एक मुलगी फळ्याशी बोलावले की ‘येत नाही’ म्हणे. गणित तिला येत होते. हात दाखवायचा नव्हता.

त्यांच्या कानावर आपण काय घालतो? ‘मागच्या जन्माचे भोग.’ १९५६ साली दीक्षा घेतलेल्यांच्या घरांत, शिकल्यासवरल्यांच्याही तोंडी, अजून हे वाक्य आहे! गतजन्मीच्या कर्माची कल्पना दुबळ्यांची जबाबदारी झटकण्याच्या सोयीची आहे, हे बाबासाहेबांनी उघड केले. ज्या तर्काने आपल्या आजा-पणजाला गावकुसाबाहेर ठेवले, तो आपण आपल्याच लेकराला लावायचा काय?

दुःखाला कारण असते. ह्या रोगाचे कारण हॅन्सेन ह्यांनी १८७३ साली दाखवले : एक जंतू. तो मज्जातंतूंना इजा करतो, म्हणून बोटे बधिर होतात, वाकतात. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात. सहा महिने किंवा वर्षभर घ्याव्या लागतात. त्यांतल्या एकीने कातडी काळवंडते. वयात येणारी पोर आरशात पाहते आणि गोळ्या टाकून देते. तिला आधीच सांगा की औषध संपल्यावर हा काळेपणा हळूहळू उतरतो. वाकलेली बोटे शस्त्रक्रियेने पुष्कळदा सरळ करता येतात. सगळी होतील असे मात्र खोटे सांगू नका. बधिर हाताला चटका कळत नाही, म्हणून चहाचा पेला फडक्याने धरायला शिकवा. रोज हात पाण्यात भिजवून तेल लावायला लावा, आणि ते करताना शेजारी बसा. रोगमुक्त माणसाला २०१६ च्या कायद्याने दिव्यांगाचे हक्क दिले आहेत. त्याचा दाखला काढायला बापाने सोबत जावे.

आणि बाळा, हे तू स्वतः वाचत असशील, तर येत्या पौर्णिमेला पुढच्या सतरंजीवर येऊन बस. हात जसे जुळतील तसे जोड.